सात सेकंदांचा ब्रेक, बारा बिटचा सॅम्पलर

ड्रम अँड बेस हे संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी ड्रमर जीव तोडून वाजवतोय. खरं तर ज्याचं वाजवणं कानावर पडतंय तो ड्रमर बऱ्यापैकी निवांत लयीत वाजवून केव्हाच घरी गेलेला असतो. मागे राहिलेल्या रेकॉर्डिंगमधल्या एकट्या ड्रमच्या जागेचे, म्हणजे ब्रेकचे, तुकडे पाडायचे, वेग वाढवायचा, तुकडे वेगळ्या क्रमानं लावायचे आणि खाली पोटात जाणवेल असा बेस ठेवायचा, एवढाच हा खेळ. 'एवढाच' म्हणतोय खरा, पण माझा अख्खा हिवाळा त्यात गेला.

नोकरीच्या निमित्तानं मी ब्रिस्टलला असतो. या संगीताच्या नादी लागायला लंडनखालोखाल याहून बरं गाव नाही. रॉनी साइझ, क्रस्ट, डाय, सव ही ड्रम अँड बेस घडवणारी मंडळी इथलीच. रॉनी साइझ आणि त्याचा चमू 'रेप्रझेंट' यांच्या 'न्यू फॉर्म्स' या अल्बमला १९९७ साली ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच यादीत रेडिओहेड होते, प्रॉडिजी होते. आजही इथल्या पबमध्ये शेजारी बसलेला पन्नाशीचा माणूस सहज सांगून जातो की त्या काळी आपणही घरी बसून ब्रेक कापायचो. अशा वातावरणात राहून किडा डोक्यात शिरला नसता तरच नवल.

लॅपटॉपवर हे सगळं आज चुटकीसरशी होतं. सॉफ्टवेअरला ब्रेक दिला की ते फटके ओळखून तुकडे करून हातात ठेवतं. मला मात्र नव्वदीतली पोरं ज्या यंत्रांवर झटापट करत होती त्यावरच करून बघायचं होतं. हौस म्हणा, खाज म्हणा. एक जुना अकाई एस९५० सॅम्पलर, म्हणजे आवाज भरून घेऊन तो हव्या त्या सुरात वाजवणारं यंत्र, मिळाला तो घेतला. घरात आणला तेव्हा बायको म्हणाली, "अरे, हा व्हीसीआर कशाला उचलून आणलास?" दिसतो तसाच. १९८८ चं यंत्र, बारा बिट, मूळ मेमरी ७५० किलोबाइट. आताच्या फोनमधला एखादा फोटोही त्यात मावणार नाही. पूर्ण गुणवत्तेनं भरायचं म्हटलं तर जेमतेम दहा सेकंदांचा आवाज बसतो. फ्लॉपी ड्राइव्ह केव्हाच वारली होती. तिच्या जागी पेनड्राइव्हवर चालणारा फ्लॉपी इम्युलेटर बसवला आणि कामाला लागलो.

सुरुवातीला अभ्यासासाठी सगळे घेतात तोच ब्रेक घेतला: 'आमेन, ब्रदर'. वॉशिंग्टनच्या द विन्स्टन्स या बँडनं १९६९ मध्ये काढलेल्या रेकॉर्डची ही मागची बाजू. गाण्याच्या मध्येच बाकी सगळे थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन चार बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची चार आवर्तनं, एकटा वाजवतो. साधारण १३७ बीपीएम (मिनिटाला १३७ ठोके), म्हणजे चार बारना सात सेकंद. नव्वदीच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ज्याला जंगल म्हणायचे आणि पुढे ज्यातून ड्रम अँड बेस निघालं, त्या संगीताचा केवढा तरी डोलारा या सात सेकंदांवर उभा आहे.

मी वही घेऊन बसलो आणि एका बारचे सोळा भाग करून फटके मांडले. पहिल्या दोन बारमध्ये किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) १, ३, ११ आणि १२ वर. स्नेअर (कडक आवाजाचा काठीचा ड्रम) ५, ८, १०, १३ आणि १६ वर. पैकी ५ आणि १३ वरचे जोरकस, मधले दबके. तिसऱ्या बारमध्ये १३ वरचा स्नेअर उशिरा, थेट १५ वर येतो. चौथ्या बारमध्ये तर पठ्ठ्या पहिल्या मात्रेवरची किक गाळतो आणि पुढे सिंबलचा तडाखा अपेक्षेच्या आधी देऊन मोकळा होतो. आपल्याकडे समेवर यायचं सोडून कुणी मुद्दाम सम टाळली की मैफिलीत माना डोलतात, तीच गंमत.

पण वहीत उतरवलेल्या या जागा म्हणजे ब्रेक नव्हे. त्याच जागांवर स्वच्छ, सुटे ड्रमचे आवाज ठेवून बघितले. सगळे फटके जागच्या जागी, आणि तरी ऐकताना कुणी टाइपरायटर बडवतोय असं वाटत होतं. मूळ ब्रेकमध्ये राइड सिंबल, म्हणजे लय धरणारी झांज, सतत चालू असते, तिची झिणझिण प्रत्येक स्नेअरच्या शेपटीला चिकटलेली असते, खोलीचा आवाज असतो, टेपची खरखर असते. आणि ते दबके फटके, ज्यांना ड्रमर घोस्ट नोट म्हणतात, ते सोळा भागांच्या नेमक्या रेषेवर पडत नाहीत. जरा अलीकडे, जरा पलीकडे. लय त्या 'जरा'त असते.

माझ्या ट्रॅकसाठी आमेन वापरायचा नाही हे तेवढ्यात ठरलं. एक तर तो इतका वापरून झालाय की ऐकणारा लगेच 'हां, आमेन' म्हणून मोकळा होतो. दुसरं म्हणजे कोलमनची कहाणी. हजारो रेकॉर्डमध्ये त्याचं वाजवणं आहे आणि त्याला त्यातला एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये अटलांटात तो गेला तेव्हा फार हलाखीत होता. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यालाही वर्षानुवर्षं काही मिळालं नव्हतं. शेवटी २०१५ मध्ये दोघा ब्रिटिश डीजेंनी पुढाकार घेऊन वर्गणी गोळा केली आणि २४,००० पौंड त्याच्या हाती पडले. जे उभं राहिलं त्याच्या मानानं ही रक्कम काय, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मग ऑफिसातला एक सहकारी ड्रम वाजवतो त्याला गाठलं. ब्रिस्टलला याचीही परंपरा आहे म्हणा. इथल्याच पोर्टिसहेड या बँडनं स्वतःच वाजवलेलं संगीत रेकॉर्ड करून, त्याच्या विनाइल तबकड्या काढून मग त्या जुन्या रेकॉर्डसारख्या वापरल्या होत्या. त्यांच्यासाठी वाजवणारा ड्रमर क्लाइव्ह डीमर पुढे रेप्रझेंटमध्येही होता, आणि तिथे तो कापलेल्या ब्रेकसारखं प्रत्यक्ष वाजवायचा. मशीननं माणसाची नक्कल करायची आणि मग माणसानं मशीनची. असो.

तालमीची खोली तासांवर भाड्यानं घेतली. सहकाऱ्याला सांगितलं, १३० च्या आसपास वाजव. आकडा उगीच नव्हता. ड्रम अँड बेस साधारण १७४ वर चालतं. सॅम्पलरमध्ये आवाज वरच्या सुरात वाजवला की तो वेगवानही होतो. १३० चा ब्रेक पाच सेमीटोन चढवला, म्हणजे सा होता तिथे शुद्ध मध्यम आणला, की वेग १७३ च्या पुढे जातो. म्हणून स्नेअर नेहमीपेक्षा थोडा खाली मिळवायला लावला, कारण तोही मध्यमापर्यंत चढणार होता. राइड मोकळी वाजू दे, ड्रमला फडकी-बिडकी लावू नकोस, मेट्रोनोमची क्लिक नको, आणि घोस्ट नोट मनापासून वाजव, एवढ्याच सूचना. माइक दोनच: एक सेटच्या समोर छातीच्या उंचीवर, एक किकपाशी. तो म्हणाला, "इतक्या कमी माइकवर काय मिळणार?" मला कमीच हवं होतं.

रेकॉर्डिंग फार सुंदर झालं आणि म्हणून निरुपयोगी वाटलं. सगळं स्वच्छ, सुटसुटीत, कुणीही खुशीनं लग्नाच्या बँडला देईल असं. इथे त्या जुन्या डब्यानं आपली किंमत वसूल केली. लॅपटॉपवरून आवाज एका स्वस्त मिक्सरमध्ये नेला, तिथे दिवा लाल होईपर्यंत चढवला आणि तसाच एस९५० मध्ये भरला. भरताना बँडविड्थ, म्हणजे वरच्या आवाजांची मर्यादा, बारा किलोहर्ट्झवर आणली. सिंबलचा काचेसारखा चकचकीतपणा गेला, स्नेअरला अंग आलं, आणि मेमरीही दीडपटीहून जास्त पुरायला लागली. त्या काळची पोरं मेमरी वाचवायला ३३ ची रेकॉर्ड ४५ वर लावून भरायची. सुराचं जे काही व्हायचं ते होऊ द्यायचे, आणि त्यातून जो दाणेदारपणा यायचा तीच पुढे शैली झाली. एस९५० सूर बदलताना गणित करून मधले बिंदू भरत नाही, तो वाचण्याचा वेगच बदलतो. त्यामुळे खाली उतरवलेला आवाज करकरीत होतो पण मऊ पडत नाही. हे कानानं ऐकेपर्यंत मला भाबड्या हौशी लोकांची भाकडकथा वाटायची.

आता कापाकापी. या यंत्राला माउस नाही. स्क्रीनवर आकडे दिसतात: तुकडा कुठे सुरू, कुठे संपतो. आकडा बदला, जोडलेल्या कीबोर्डवरची की दाबा, ऐका, पुन्हा आकडा बदला. १७४ ला सोळावा भाग ८६ मिलिसेकंदांचा असतो. तुकड्याच्या सुरुवातीला दहा मिलिसेकंदांची शांतता राहिली तरी तो फटका मागे रेंगाळतो, आणि दोन-तीन मिलिसेकंद जास्त कापले गेले तर काठीचा 'टक्' उडून फक्त 'फस्स' उरतं. डोळ्यांना काही काम नसल्यामुळे कान इतके तीक्ष्ण होतात की रात्री झोपताना फ्रीजच्या आवाजाचीही सुरुवात आणि शेवट ऐकू येतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कुठे कापायचं हे ठरवण्यात. सॉफ्टवेअर प्रत्येक फटका वेगळा करतं आणि शिकवणारे बरेच जण तसंच सांगतात. माझं मत उलट झालंय. एकेक फटका सुटा केला की ड्रमरनं दोन फटक्यांमध्ये जी जागा सोडली होती ती आपल्या हातून जाते आणि तिथे संगणकाची रेष येते. म्हणून मी थोडे मोठे तुकडे ठेवले: सुरुवातीच्या दोन किकची जोडी एकत्र, जोरकस स्नेअर आणि त्यामागचा घोस्ट फटका एकत्र, शेवटच्या स्नेअरपासून पुढच्या बारच्या पहिल्या किकपर्यंतचा एक, सिंबलचा एक. एक स्नेअर तेवढा सुटा ठेवला, रोलसाठी, म्हणजे सलग भरभर फटक्यांसाठी. तुकड्याचा शेवट मुद्दाम लांब ठेवायचा, पुढचा फटका त्यात आला तरी चालेल. बोट उचललं की आवाज थांबतो, म्हणजे किती ऐकवायचं ते वाजवताना ठरतं. त्याच तुकड्यातून कधी नुसता स्नेअर, कधी स्नेअर आणि पुढची कुजबुज.

मग एकेका कीवर एकेक तुकडा लावायचा. अकाईच्या भाषेत याला कीग्रुप म्हणतात. एस९५० मध्ये एका कीग्रुपला दोन आवाज देता येतात, हलक्या बोटाला एक आणि जोराच्या बोटाला दुसरा. स्नेअरच्या कीवर हलक्या बोटाला घोस्टचा तुकडा ठेवला, जोराला मोठा. शेजारच्या दोन कींवर तोच स्नेअर दोन सेमीटोन वर आणि तीन सेमीटोन खाली. आणखी एक जुनी युक्ती फार कामाची आहे. या यंत्रात आठ आवाज आणि त्यांचे आठ वेगळे आउटपुट. सगळे तुकडे एकाच आउटपुटला दिले की एका वेळी एकच वाजतो, नवा तुकडा आला की जुना तिथल्या तिथे गप्प. खरा ड्रमरही एकाच खोलीत बसलेला असतो ना, त्याच्या दोन सिंबल दोन वेगळ्या खोल्यांत वाजत नाहीत. या एका सेटिंगनं विस्कळीत तुकडे एकसंध वाटायला लागले.

जुळवणीला मात्र लॅपटॉप घेतला. त्या काळी लोक अटारी एसटीवर क्यूबेस चालवायचे, मिडीची, म्हणजे वाद्य-यंत्रं एकमेकांना जोडायची, जागा त्यात आधीच असायची. इतकी भक्ती माझ्यात नाही. पहिले दोन बार मी जवळपास मूळ वाजवण्यासारखेच ठेवले. तिसऱ्यात तुकड्यांचा क्रम फिरवला, जेणेकरून जोरकस स्नेअर दोन भाग उशिरा येईल. चौथ्यात पहिली मात्रा रिकामी, कोलमनचा वारसा म्हणून. रोलसाठी सुटा स्नेअर बत्तिसाव्या भागांत मारला, म्हणजे दर ४३ मिलिसेकंदांना एक, आणि बोट हलक्याकडून जोराकडे नेलं. इथे हात आवरावा लागतो. तुकडे हाताशी असले की प्रत्येक बारमध्ये करामत करावीशी वाटते, आणि तसे ट्रॅक मी बरेच ऐकले आहेत. दोन मिनिटांत डोकं उठतं. नाचणाऱ्यांच्या पायांना धरायला काहीतरी लागतं.

टाइम-स्ट्रेचचा मोह टाळला नाही. सूर न बदलता आवाज लांबवायचा हा अकाईचा प्रकार आवाजाच्या बारीक चकत्या करून त्याच पुन्हा पुन्हा चिकटवतो. फार ताणलं की धातूवर घासल्यासारखा खडखडाट येतो. जंगलच्या रेकॉर्डमध्ये गायकांचे आवाज असे ताणलेले सापडतात. मी माझ्याच आवाजात, बसच्या कंडक्टरच्या थाटात, 'पुढे चला, पुढे चला' भरलं आणि तिप्पट ताणलं. यंत्र हिशेब करेपर्यंत चहा करून आलो. शेवटचं 'चलाऽऽ' असं काही निघालं की ते ड्रॉपच्या, म्हणजे सगळं एकदम सुरू होतं त्या जागेच्या, आधी ठेवल्याशिवाय राहवलं नाही.

बेस दोन थरांत केला. खालचा थर म्हणजे साधी साइन लहर. अकाई सुरू केला की त्यात चाचणीसाठी जो टोन आधीच असतो त्यातूनच त्या काळच्या कित्येकांनी बेस काढला, मीही तोच घेतला. ट्रॅकचा मूळ सूर जी ठेवला, म्हणजे सगळ्यात खालचा बेस ४९ हर्ट्झ. याच्या फार खाली गेलं तर साध्या स्पीकरांना ऐकूच येत नाही, वर गेलं तर छातीत बसत नाही. वरच्या थराला रीस बेस म्हणतात, डेट्रॉइटच्या केव्हिन साँडरसननं १९८८ मध्ये रीस या नावानं काढलेल्या रेकॉर्डवरून. दोन करवती लहरी एकमेकींपासून किंचित बेसूर लावायच्या, तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा केसभर सरकल्यावर जो हेलकावा येतो तसा हेलकावा मिळतो. एक लहर १०० हर्ट्झ आणि दुसरी १००.५ असेल तर दर दोन सेकंदांनी एक लाट. त्यावर लो-पास फिल्टर (वरचे आवाज अडवणारा) हळूहळू उघडायचा. चाल मात्र संथ ठेवायची: ड्रम १७४ वर, बेस ८७ वर असल्यासारखा. ड्रम दुगुनीत, बेस ठाय लयीत. ऐकणारा दोन्हींपैकी हवी ती लय धरून डोलू शकतो.

अर्धवट झालेला ट्रॅक डोंबिवलीतल्या मित्राला पाठवला. तो ढोलकी वाजवतो, तमाशापासून ऑर्केस्ट्रापर्यंत सगळीकडे हजेरी लावून झालेला. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, "कोण वाजवतंय रे?" कापलेलं आहे हे सांगितल्यावर म्हणाला, "मग तो शेवटचा तोडा कसा काय सुटा वाटत नाही?" मला याहून मोठी दाद नको होती. पुढचा प्रश्न अपेक्षेप्रमाणे, "तबला टाक की यात!" तबला टाकून झालेला आहे. तबलावादक तल्विन सिंगनं लंडनच्या हॉक्स्टनमधल्या ब्लू नोट क्लबमध्ये 'अनोखा'च्या रात्री गाजवल्या, त्याच्या 'ओके'ला १९९९ मध्ये मर्क्युरी मिळाला. त्याच क्लबात ड्रम अँड बेसवाल्या गोल्डीच्या मेटलहेड्झच्या रविवारच्या रात्री रंगायच्या. पण त्यानंतर 'भारतीय' वाटावं म्हणून कुठल्याही बीटवर तबल्याचा एक लूप चिकटवायची साथ आली. लूप तसाच फिरत राहतो, बीटशी त्याचा काही संवाद नसतो. मला तो प्रकार नको होता.

मिक्सिंगमध्ये फार शहाणपणा केला नाही. ब्रेकचा १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाकला, कारण तिथे बेसचं घर आहे. किकच्या पोटासाठी खाली एक वेगळी छोटी किक ठेवली. दोन किक एकत्र वाजल्यावर आवाज वाढायच्या ऐवजी पातळ झाला, तेव्हा एकीची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची दिशा, उलटी केली आणि पोट परत आलं. बेस पूर्ण मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांत एकसारखा. खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्यावर म्हणाल्या की संध्याकाळी कपाटातल्या बश्या वाजतात. त्यावरून ४९ हर्ट्झ नीट पोचतोय याची खात्री झाली आणि पुढचं सगळं हेडफोनवर केलं.

रचना डीजेच्या सोयीची केली. सुरुवातीला ३२ बार फक्त राइड आणि ब्रेकचे फिल्टर लावलेले तुकडे, म्हणजे ४४ सेकंद मागच्या रेकॉर्डशी जुळवून घ्यायला मोकळे. मग बेसची चाहूल, कंडक्टर, आणि ६४ बार संपताच सगळं एकदम.

ढोलकीवाला मित्र आता स्वतःच मागे लागलाय. पुढच्या ट्रॅकसाठी त्याचे तोडे कापायचे ठरलेत. त्याला सांगितलंय, मेट्रोनोम लावू नकोस, १३० च्या आसपास राहा, एक माइक शाईच्या बाजूला ठेव आणि एक डाव्या तोंडापासून हातभर लांब. रेकॉर्डिंगवर कुठलंही इफेक्ट घालू नकोस. त्याचं उत्तर आलं, "पैसे किती देणार?" कोलमनची गोष्ट मीच त्याला सांगून ठेवली होती. निम्मे हक्क त्याचे, असं लिहून दिलंय.